पेन्सिलीची ओळ

॥ श्री ॥

अंबत्तूर, मद्रास
संक्रांत, १४ जानेवारी २००२

चि. शमीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे, गोड बोल. वडी पाकिटातच घालणार होते, पण शेजारची कृष्णवेणी टीचर म्हणाली, अम्मा, जर्मनीपर्यंत नुसत्या मुंग्या पोचतील. म्हणून वडी नाही, कोपऱ्यात नेहमीचं कुंकवाचं बोट आहे. तेच तिळगूळ समज.

तुझं नाताळातलं पत्र परवा आलं आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत. चौथीत शाळा सुटलेली मी. मिरजेहून लग्न होऊन या गावी आले तेव्हा बसची पाटी वाचता येईना म्हणून एकदा एन्नोरला जाऊन पोचले होते, समुद्र बघून रडत बसले. आणि माझी नात दोन हजार वर्षांपूर्वीची, येशूच्या लोकांची पत्रं वाचते, तीही त्यांच्याच भाषेत! भाजीवाल्या सुब्बाला सांगितलं. तो म्हणतो, दोन हजार वर्षं? मग ती आमच्याच पोस्टातून गेली असणार.

बायका विचारतात, आपले देव कमी पडले का गं हिला? मी म्हणते, आपले घरचेच, ते कुठे पळतायत? शेजारच्यांची विचारपूस करायला काय हरकत आहे?

मला मजा आली ती पंगतीच्या भांडणाची. येशूची पहिली माणसं सगळी ज्यूच, हे मला कुठे ठाऊक! मला वाटायचं जन्मापासून ख्रिस्तीच. आणि त्यांचं पहिलं मोठं भांडण कशावरून, तर बाहेरच्यांबरोबर एका पंगतीला बसावं की नाही! एक थोर माणूस मजेत जेवत होता, तेवढ्यात मोठ्या गावाहून कडक सोवळ्याची मंडळी आली आणि हा पानावरून उठला. अगं, हे तर आमच्या बापूकाकांचं. एकटे असले की कोणाकडेही भजी खायचे आणि आत्याबाई दिसल्या की हात धुवायला पळायचे. तुझ्या त्या पत्रवाल्यांनी त्याला चारचौघांत सुनावलं, ते बरं केलं.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि तुझे पैसे जातात. मोतीबिंदूमुळे वाचताही येत नाही, पण ठळक पेनानं असं मोठं मोठं लिहिता येतं. तुझी पत्रं सेतुमामा वाचून दाखवतात. मागच्या गल्लीतले सेतुमाधव, बँकेतले, तंजावरकडचे. त्यांचं मराठी राजेलोकांच्या वेळचं आहे, पण वाचतात नीट. पंगतीचं वाचताना असे हसले की ठसकाच लागला.

तुझा बाप बरा आहे. तुझं नाव काढत नाही, मी काढलं तर उठून जातो. रविवारीसुद्धा कारखान्याचे नकाशे काढायला ड्रॉइंग बोर्ड मांडून बसतो. काल म्हटलं, हेरंबा, एवढं सुबक काढलंयस, शाई का फिरवत नाहीस? म्हणाला, आई, पेन्सिल म्हणजे आपलं म्हणणं. शाई वरच्यांनी पास केल्यावर.

मीनंबाकमला विमानतळावर तो तुला जे बोलला ते बोलायला नको होतं. मी त्याची आई असून सांगते. पण तू लहान असून मन मोठं केलंस. पत्राची शेवटची ओळ ऐकली आणि मी देवापाशी साखर ठेवली.

तुझी आजी
गोदा


ट्यूबिंगन, जर्मनी
२ फेब्रुवारी २००२

ती. आजीस नमस्कार.

कुंकवाचं बोट पोचलं. मी ते टेबलासमोर लावून ठेवलंय. माझ्या प्रोफेसरांनी विचारलं, हा शिक्का कुठल्या खात्याचा? म्हटलं, आजी खात्याचा.

तू त्यांना ‘पत्रवाले’ म्हणतेस ते मला इतकं आवडलं की मीही मनात तेच म्हणते. ऐक, आता त्या पत्रांचं सांगते. त्यांच्या नावावर बरीच पत्रं आहेत. काही त्यांची स्वतःची आहेत. काही त्यांच्या मागे शिष्यांनी त्यांच्या नावानं लिहिली, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. लबाडी म्हणून नव्हे. गुरू असते तर काय म्हणाले असते, ते. कुठलं पत्र कुठल्या हातचं, हे ओळखायचं माझं काम.

ओळखायचं सवयींवरून. पत्रवाले दर पत्रात आधी नमस्कार करतात, मग देवाचे आभार मानतात. एका पत्रात आभार नाहीत. तेवढ्या एका न लिहिलेल्या गोष्टीवर इथे कपाटभर पुस्तकं आहेत. माणूस काय लिहितो यापेक्षा रोजचं काय लिहीत नाही, यावरून त्याचं काय झालंय ते कळतं. ते तोंडानं सांगायचे आणि लेखनिक लिहायचा. मग कधी शेवटी स्वतः लेखणी घेऊन मोठ्या मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहायचे. अगदी तुझ्यासारखं. आणि पुढे नकला करणारे समासात आपलं एखादं वाक्य घालून ठेवायचे. त्याच्या पुढचा ते मूळचंच समजून आत घ्यायचा.

आता दुसरं. पत्र सेतुमामा वाचतात, बाबांच्या हाती जात नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते. मी मन मोठं वगैरे केलेलं नाही. शेवटच्या ओळीत मी थंडीबद्दल लिहिलं होतं. मी इथे बाटायला आलेले नाही, हे मी बाबांना शंभरदा सांगितलं. तरी ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझी आई वेळेवर गेली. हे बघायला राहिली नाही.” आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्या दिवसापासून माझी वेणी बाबा घालायचे, पट्टीनं भांग पाडून. त्याच माणसानं हे म्हणावं? दोन वर्षं झाली, दात घासताना, बसमध्ये, कधीही ते वाक्य येतं. ते मागे घेईपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार नाही. ते काही म्हणाले का, आजी? एवढं मला दर पत्रात कळव.

सेतुमामा, एवढं वाचून झालं की पत्र आजीच्या डब्यात ठेवा. बाबांना दाखवू नका.

शर्मिष्ठा


॥ श्री ॥

अंबत्तूर
३ मार्च २००२

चि. शमीस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा ऐकलं. समासातल्या ओळीचं ऐकून हसू आवरेना. माझ्या लग्नाच्या आमंत्रणाची यादी माझ्या वडिलांनी केली आणि आमच्या सासूबाईंनी खाली बारीक अक्षरात स्वतःच्या माहेरची अकरा माणसं घातली. आचाऱ्याला वाटलं, मूळचीच. लाडू पुरले नाहीत आणि नाव वडिलांचं खराब झालं. बघ, तुझं शास्त्र आमच्याकडे घरोघरी आहे. माझ्या मागे माझ्या नावानं मात्र कोणी लिहू नका हो, तुमच्या चुका माझ्या नावावर नकोत. माझ्या मला पुरेशा आहेत.

कृष्णवेणीनं विचारलं, तुमचे पत्रवाले ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या घरच्यांनी काय केलं? मी ऐटीत सांगितलं, अगं, ते स्वतःला ज्यूच म्हणवायचे, तेव्हा दोन वेगळी घरं झालीच नव्हती. एकाच घरातलं भांडण होतं ते. भिंत मागून पडली. बरोबर सांगितलं ना? तूच मागे लिहिलं होतंस.

सेतुमामा मात्र मध्येच थांबले. पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पुढे वाचेनात. म्हटलं, काय झालं? म्हणाले, अक्षर लागत नाही. तू जरा अक्षर नीट काढत जा गं. मग खोकत खोकत शेवट वाचला. पुन्हा तीच ओळ. “बाबांवर माझा राग नाही.” शमे, दर पत्रात न चुकता एवढी ओळ लिहितेस, तुझ्या आईचं वळण ते. तिच्याही मनात काही राहायचं नाही.

हेरंबला अण्णा नगरला डॉक्टरांना दाखवून आणलं. रिक्षानं गेलो, एवढ्या गाड्या, अय्यो! काही नाही, गॅस आहेत म्हणे. गोळ्या दिल्यात. जिना चढताना दोनदा थांबतो, तेवढंच. तो काही म्हणाला का विचारशील, तर नाही अजून. पण तुझा तो पोरपणीचा फुलाफुलांचा शिसपेनचा डबा आहे ना, तो त्यानं ड्रॉइंग बोर्डाजवळ ठेवलाय. त्यातच हल्ली पेन्सिली ठेवतो.

तुझी आजी
गोदा


ट्यूबिंगन
२४ मार्च २००२

ती. आजीस नमस्कार.

माझी तोंडी परीक्षा १२ जुलैला ठरली. पाच प्रोफेसर समोर बसणार आणि मी एकटी. पास झाले की डॉक्टर.

पण त्याआधी एक गोष्ट. कोणीतरी तुला चुकीचं वाचून दाखवतंय. “बाबांवर माझा राग नाही” ही ओळ मी एकाही पत्रात लिहिलेली नाही. माझा राग आहे. सेतुमामांचा हेतू चांगला असेल, म्हातारीला बरं वाटावं म्हणून घालत असतील. पण ती माझी ओळ नाही आणि मला ती माझ्या नावावर नको आहे. सेतुमामा, रागावू नका. ती ओळ कुठे आहे ते आजीला कागदावर बोट ठेवून दाखवा. दिसली तर मी मान्य करीन.

गॅस म्हणजे काय? ईसीजी काढला का? रिपोर्टवर काय लिहिलंय ते कृष्णवेणी टीचरकडून वाचून मला कळव. राग आहे म्हणून काळजी नाही असं होत नाही.

शर्मिष्ठा


अंबत्तूर
११ मे २००२

शमी,

एप्रिलात पत्र घातलं नाही. ऊन फार होतं. आता लिहितेय. इथे सगळं ठीक आहे.

तुझ्या बापाच्या हाताला जरा त्रास आहे म्हणून त्याचं मी लिहिते. तो म्हणाला, शमीला लिही. लिही की मी जे बोललो ते चुकलं. ते मी मागे घेतो. माझा तुझ्यावर राग नाही. परीक्षा चांगली दे. तुझी आई असती तर तिला आनंदच झाला असता.

असं म्हणाला. तू विचारत होतीस ना दर पत्रात. मग हे झालं.

परीक्षेला दही खाऊन जा. तिकडे दही मिळतं ना? घरी यायची घाई करू नकोस. एवढं लांब गेलीस तर ते पुरं करूनच ये. तिकिटाला खर्च फार होतो. इथे काही काम अडलेलं नाही.

कृष्णवेणी पत्ता घालून टाकून येईल. आज घरातून बाहेर पडायचं नाही मला. आणखी काय लिहू? सुचत नाही. ऊन फार आहे.

गोदा


ट्यूबिंगन
२८ मे २००२

माझ्या आजी,

पत्र जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, बरं नाही का. म्हटलं, इतकं बरं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

कसे म्हणाले? बसून की उभ्याने? “चुकलं” म्हणाले की “चुकलो”? माझी सवय आहे, मला नेमका शब्द लागतो. सगळं सगळं लिही. मी त्यांना फोन करणार होते, पण मी रडले तर ते फोन ठेवतील. त्यांना परीक्षेनंतर समोर बघूनच बोलीन.

वेगळ्या पार्सलनं बाबांसाठी ड्रॉइंगचं शाईचं पेन पाठवलंय, इथलंच, केसासारखी बारीक रेघ येते. त्यांना सांग, मी सगळे नकाशे पास केले. आता शाई फिरवा.

तुझी शमी


॥ श्री ॥

अंबत्तूर
१९ जून २००२

चि. शमीस आजीचे अनेक आशीर्वाद.

पाण्याचे फार हाल. लॉरी येते दोन दिवसांनी, तीही पहाटे, आणि बायका घागरींची रांग आदल्या दिवशीच लावून ठेवतात. आपली निळी घागर कोणीतरी बदलली, आता हिरवी आहे. सुब्बानं फणस आणून दिला. एकटीला काय करायचाय एवढा फणस, म्हणून अर्धा टीचरकडे दिला. आठळ्या वाळवल्यात.

डोळ्याच्या ऑपरेशनचं ऑगस्टात म्हणतायत. बघू. नीट जेवत जा. परीक्षेआधी केस धुऊ नकोस, सर्दी होईल.

तुझी आजी
गोदा


ट्यूबिंगन
१ जुलै २००२

आजी,

एका पानावर चार-पाच ओळी मावतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितेय. ही पानं तू स्वतः वाच. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

काल मी जुन्या ज्यू लोकांचे दुखवट्याचे नियम वाचत होते. घरात माणूस गेलं की पहिले दिवस कोणाला नमस्कार करायचा नाही. तेवढं वाचून उठले आणि तुझी सगळी पत्रं काढली.

अकरा मेच्या पत्रावर श्री नाही. कुंकू नाही. आशीर्वाद नाही. बाकी सगळ्यांवर आहे. जून महिन्यातल्या पत्रात पेनाबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नाही. आणि “एकटीला काय करायचाय एवढा फणस” आहे.

काय लिहिलेलं नाही ते बघणं हा माझा धंदा आहे. मला पाच आठवडे दिसलं नाही. मला जे हवं होतं ते आत लिहिलेलं होतं ना.

फोन हातात घेतला होता. तुला ऐकू येत नाही. दुसरं उचलणारं कोणी नसेल तर ती घंटा वाजत राहिलेली मला ऐकवणार नाही. म्हणून लिहितेय.

बाबा कधी गेले?

आणि ते शब्द कोणाचे?

परीक्षेचा विचार करू नकोस. खरं लिही.

शमी


अंबत्तूर
१३ जुलै २००२

शमी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी स्वतः वाचलं, दारात उन्हात उभी राहून, एकेक अक्षर. काल तुझी परीक्षा झाली असणार. म्हणून आज टाकतेय. तुझ्या बापाला शब्द दिला होता, परीक्षा होईपर्यंत कळवणार नाही म्हणून. तेवढा पाळला.

हेरंब सहा मेला गेला. सोमवार होता. सकाळी दाढी करताना बसला तो उठला नाही. अण्णा नगरला नेलं. गॅस नव्हते ते, हृदय होतं. मार्चातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी तुला गॅस लिहिलं. तोंडात नळी घातली होती त्यामुळे बोलणं काही झालं नाही. मला आत सोडलं नाही. बाहेर बाकावर बसले होते. तिथे एक बाई डब्यातली इडली खात होती, मलाही घ्या म्हणाली. मी घेतली गं, खाल्ली. आत पोरगा जात होता आणि मी इडली खात होते. हे कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते. अग्नी तुझ्या चुलतचुलत भावानं, क्षितिजनं दिला, बंगळूरहून आला होता.

अकरा तारखेला सहावा दिवस. तुला पत्र गेलं नाही तर संशय येईल म्हणून लिहायला बसले. वर श्री काढायला हात उचलला आणि उचलेचना. खोटं लिहायला काही वाटलं नाही बघ. पण सुतकात श्री कसा काढू? तू तिकडे डॉक्टर होणार आणि मी इथे तुला फसवणार, जमायचं होतं थोडंच!

ते शब्द माझे. सगळे. त्यानं त्यातलं एकही म्हटलेलं नाही. फिरवून फिरवून लिहीत नाही, तू नेमकं मागितलंयस. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना एवढंच म्हणाला, “परीक्षा होईपर्यंत तिला कळवू नको.” तुझ्याबद्दलचं त्याचं शेवटचं हेच. मला वाटलं, पोरगी दोन वर्षं दारात उभी आहे, आतून कोणीतरी ये म्हणायला हवं. तो असता तर म्हणाला असता. माझ्या पोटचा तो, म्हणून मी म्हणून टाकलं. आता तू म्हणशील, आजी, हे शिष्यासारखंच झालं.

आता दुसरं खोटं. तुझी पत्रं सेतुमामांनी कधीच वाचली नाहीत. हेरंब वाचायचा. पहिल्यापासून. कारखान्यातून आला की हातपाय धुऊन बसायचा आणि म्हणायचा, काढ तुझं पत्र. मला बजावलं होतं, तिला सांगितलंस तर मी वाचणार नाही. म्हणून सेतुमामांचं नाव सांगितलं. पंगतीचं वाचताना हसला तो हेरंब. पाणी प्यायला तो हेरंब. मला काय माहीत गं त्या पत्रात काय होतं! अक्षर लागत नाही म्हणाला, मी खरं मानलं आणि उलट तुलाच सांगितलं, अक्षर नीट काढ म्हणून.

तो गेल्यावर तुझं पत्र आणि पार्सल आलं. मी फोडलंच नाही. दुसऱ्याच्या आवाजात ऐकवेना. मंगळवारी तुझी मोठी अक्षरं वाचली आणि मग सेतुमामांना बोलावलं. म्हटलं, सगळी वाचा, पहिल्यापासून. ते बिचारे चाचरत वाचायला लागले. नाताळचं वाचलं, शेवटी थंडी. मी म्हटलं, पुढची ओळ राहिली. म्हणाले, “वहिनी, पुढें काही नाहीं.” फेब्रुवारीचं वाचलं. विमानतळावरचं, वेणीचं, पट्टीचं. मी म्हटलं, हे कुठून वाचताय तुम्ही? हे नव्हतं यात! म्हणाले, “जें आहे तेंच वाचतों.” त्या दिवशी मला कळलं की तुझा राग आहे. हेरंबला फेब्रुवारीपासून माहीत होतं.

शमे, त्यानं ते सगळं स्वतः वाचलं. माझ्यासमोर बसून, डोळ्यानं एक वाचत होता आणि तोंडानं मला दुसरं सांगत होता. “बाबांवर माझा राग नाही.” दर वेळी. मला बरं वाटावं म्हणून की त्याला स्वतःला एकदा ऐकायचं होतं म्हणून, ते मला सांगता येत नाही. दर वेळी ती ओळ म्हणताना आवाज बसायचा एवढं आठवतं. मला वाटायचं खोकला.

मग सेतुमामांनी मार्चचं घेतलं. तू लिहिलंस ना, ती ओळ कुठे आहे ते कागदावर दाखवा. तिथवर वाचून ते थांबले. कागद खिडकीपाशी नेला. म्हणाले, “वहिनी, येथें खालीं एक ओळ आहे. पण ही पोरीची नव्हे. शाईची नव्हे. पेन्सिलीची आहे, नकाशावर लिहितात तशा सुट्या अक्षरांत.” मी विचारलं, काय आहे? त्यांनी वाचलं. तीच ओळ, शमे. तुझ्या सहीच्या खाली, पट्टी धरून आखल्यासारखी.

तू दाखवा म्हणालीस, म्हणून त्यानं लिहून ठेवली. मला तर दिसत नाही, मला दाखवायला नव्हे. मग कोणाला?

ते पत्र यासोबत परत पाठवतेय. मला त्यावर बोट फिरवून काही लागत नाही, नुसता कागद लागतो. तुझं काम आहे ते, हात कोणाचा ते ओळखायचं. पार्सलमधलं पेनही पाठवतेय. फार छान आहे, हलकं आहे. त्याला उघडायला मिळालं नाही.

हे पत्र वाचून झालं की आंघोळ कर, डोक्यावरून. थंड पाणी नको, आजारी पडशील. आई-बापाचं सुतक कळल्या दिवसापासून दहा दिवस, असं भटजी म्हणाले. तोवर त्या ओळीला हात लावू नकोस.

दहा दिवस झाले की ठरव. पेन्सिल आहे, खोडरबरानं एका झटक्यात जाईल, कागदावर खूणही राहणार नाही. पुसलीस तरी मी काही म्हणणार नाही. ते वाक्य त्यानं बोलायला नको होतं, हे मी अजून म्हणते. आणि नाही पुसावंसं वाटलं तर पेन आहे. शाई पास झाल्यावर, असं तो म्हणायचा. आता वरती कोणी साहेब नाही, तूच आहेस.

गोदा